कप परत करणाऱ्या मॅडम

मॅडम चष्मा काढायच्या तेव्हा ओळखायचं, आता कोणाची तरी धडगत नाही. काढलेला चष्मा त्या पुसायच्या नाहीत. नुसता हातात धरायच्या आणि चपलेला काय चिकटलं ते बघावं तसं समोरच्याकडे बघायच्या. मग डाव्या हाताने माशी हाकलल्यासारखं करून म्हणायच्या, "ह्यॅ! बेइमान मेले!" एवढं झालं की चष्मा परत डोळ्यांवर. खटला संपला.

नाकं मुरडणारी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. पण ती पावसावर चिडतात, महागाईवर चिडतात, सुनेवर चिडतात. मॅडमना या कशाचंच काही नव्हतं. गुडघे कामातून गेले होते, त्याबद्दलही कधी बोलल्या नाहीत. त्यांचा सगळा तिरस्कार खेळात लबाडी करणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला होता, आणि तो भरपूर होता.

त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर अमरावतीत आमच्या गल्लीत राहायला आल्या. त्यांची एक गोष्ट शिक्षकांमध्ये अजून सांगतात. चौदा वर्षांखालच्या संघात मुलाला घ्यावं म्हणून एक पुढारी जन्माचा दाखला घेऊन आला. मुलाला चांगल्या मिशा फुटलेल्या. मॅडमनी दाखला वाचला, मुलाकडे पाहिलं, चष्मा काढला. "साहेब, याले आधी न्हाव्याकडे न्या. दाढी करून आना, मंग वय पाहू." महिनाभरात त्यांची बदली मेळघाटाच्या पार टोकाला झाली. तिथे त्यांनी मुलींचा संघ उभा केला आणि बदलीबद्दल त्या पुढाऱ्याला आभाराचं पत्र पाठवलं.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. भिंतीवर टीव्ही आहे आणि शनिवारी संध्याकाळी त्यावर परदेशातलं फुटबॉल चालतं. मी तिथल्या एका गडगंज क्लबचा भक्त होतो. नाव घेत नाही, आता लाज वाटते. त्या क्लबवर आरोप होता, की वर्षानुवर्षं खोटा हिशोब दाखवून, नियमात बसत नसलेला पैसा ओतून त्यांनी कप जिंकले. चौकशी अशी रेंगाळली होती, की आमच्या गल्लीतल्या दोन पोरांची लग्नं होऊन त्यांना लेकरं झाली, तरी निकाल नाही. शेजारचा मेडिकलवाला दुसऱ्या एका क्लबचा. त्याचा क्लब आमच्यामागे कायम दुसरा यायचा. दर शनिवारी आम्ही दोघं त्या खटल्याचे न्यायाधीश. आमच्यापैकी कोणी कधी समुद्रसुद्धा ओलांडला नव्हता.

एका नोव्हेंबरात मॅडम हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला आल्या, तेव्हा वाद पेटलेला होता.

"सगळे कप काढून घ्या," मेडिकलवाला म्हणत होता. "खालच्या डिव्हिजनमंदी फेका. अन् ते कप दुसऱ्या नंबरवाल्याले द्या."

"म्हंजे तुले!" मी म्हणालो. "आधी सिद्ध तं होऊ दे. अन् झालंच सिद्ध, तं दंड भरतीन ना."

"दंड?" मॅडम मागून म्हणाल्या. "ज्याच्यापाशी पैशाचे ढीग हायेत त्याले पैशाचा दंड? मंग म्हशीले डबक्यात बसाची शिक्षा द्या."

मेडिकलवाला खूश होऊन हसला. मॅडम त्याच्याकडे वळल्या.

"अन् तू काय हासून राहिला? कप घेशीन तू? कुठी ठेवशीन? खोकल्याच्या बाटल्याईच्या बाजूले?"

"मॅडम, हक्काचा आहे आमचा."

"ज्या दिवशी हक्काचा होता त्या दिवशी तुमचे प्लेअर रडत घरी गेले. आता इतक्या वर्षांनी पार्सल येईन, अन् तुमी नाचसान? लाज नाही वाटनार?"

मी मध्ये पडलो. मला वाटलं, बाजू थोडी माझ्याकडे झुकते आहे. म्हणालो, "खरं सांगू का मॅडम, सगळेच करतात. हे सापडले, एवढंच."

मॅडमनी चष्मा काढला. मी 'ह्यॅ'ची वाट पाहत राहिलो. ते आलंच नाही. चष्मा घातला, काउंटरवरचे कागद उचलले आणि रस्ता ओलांडून समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या. त्याचं मशीन प्रत्येक पानावर उभी काळी रेघ मारतं. त्यानंतर दीड महिना त्या तिथेच जात होत्या. माझ्या दुकानासमोरून जाताना मान ताठ. काळी रेघ त्यांना चालत होती, मी चालत नव्हतो.

मला ते इतकं का लागलं, तेही सांगतो. त्याच्या काही दिवस आधीच माझ्या दुकानात एक माणूस येऊन गेला होता. शहराबाहेर एका बिल्डरने खेळांची अकादमी काढली आहे. हिरवंगार मैदान, बाहेर दिवे, आत वातानुकूलित ऑफिस. त्या अकादमीचा हा मॅनेजर. अकोल्याला शाळकरी मुलींची फुटबॉलची स्पर्धा होती, आणि नियम असा की खेळाडू त्या शाळेचीच विद्यार्थिनी हवी. यांनी परराज्यातून सहा मुली आणल्या होत्या. त्यांना दर महिन्याला पगार होता. कागदावर त्याला 'खुराकाचा खर्च' म्हणायचे. मॅनेजरने एका शाळेचा खरा बोनाफाईड दाखला पुढे ठेवला. "भाऊ, फक्त नावं बदलाची. शिक्का तोच ठेवा." मी नावं बदलली. सहा दाखले छापले. शिक्का तर इतका सुबक उमटवला, की मॅनेजर म्हणाला, "असलीपेक्षा भारी झाला." आणि मला अभिमान वाटला. हेही लिहून ठेवतो.

जानेवारीत एका दुपारी न राहवून मीच मॅडमच्या घरी गेलो. चांदूर रेल्वेजवळच्या त्यांच्या गावी भावाची भाजीची शेती होती. तिथून आलेली मेथी पुढ्यात घेऊन त्या पडवीत निवडत बसल्या होत्या.

"काय रे, मशीन बंद पडली का तुही?"

"नाही मॅडम. तुम्ही येत नाही म्हणून आलो."

"बस. मेथी निवडता येते का?"

मी बसलो. आम्ही मेथी निवडू लागलो. मग त्याच म्हणाल्या, "तुले मी काही बोलले नाही. तुह्या क्लबचंही मले काही घेनंदेनं नाही. पन 'सगळेच करतात' हे वाक्य मी याच्या आधी एका ऑफिसात ऐकलं होतं. त्याची चीड हाय मले."

आणि त्यांनी सांगितलं. मी ते जसं आठवतं तसं लिहितो.

मॅडम स्वतः शाळेत शिकत होत्या तेव्हा गावाच्या मुलींचा संघ अकोल्याला फायनलपर्यंत पोचला होता. मॅडम गोलकीपर. हातमोजे नव्हते, तळहाताला चिंध्या बांधलेल्या. समोर एका श्रीमंत संस्थेचा संघ. शून्य-शून्य चाललेलं, आणि अगदी शेवटी एक लांबचा बॉल मॅडमच्या हातांतून निसटून आत गेला.

"माहा बाप पाहाले आला होता. वांग्याचा तोडा सोडून. घरी येईपर्यंत एक शब्द नाही बोलला. मंग दोन वर्षं मी गावात 'बॉल सोडनारी' होते. नळावर गेलं तरी पोट्ट्या हासत. झोपेत तो बॉल यायचा, बावा. रोज यायचा, अन् रोज सुटायचा."

संघात पुढे खेळणारी एक मैत्रीण होती. संघातली सगळ्यात चांगली खेळाडू तीच. जिंकल्याचं प्रमाणपत्र मिळालं असतं तर खेळाच्या कोट्यातून तिला पुढे शिकायला प्रवेश मिळणार होता, घरचे तेवढ्यावर थांबले होते. प्रमाणपत्र आलं नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं वरूडला लग्न करून दिलं.

दोन वर्षांनी निकाल लागला. त्या संस्थेने बाहेरच्या मुली पगारावर आणून खेळवल्या होत्या, हे सिद्ध झालं. कप काढून घेतला. एक शिपाई सायकलवरून गावात आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला कप मॅडमच्या आईच्या हातात देऊन, सही घेऊन निघून गेला.

"मी तो कप घेऊन वरूडले गेले. वाटलं, हिले दाखवते. तिच्या कडेवर लेकरू होतं. सासू इचारे, हे कायचं भांडं वो? तिनं कपाले हातच नाही लावला. नुसतं पाहिलं अन् म्हणे, चहा ठेवू का?"

मेथीची एक काडी त्यांनी उगाच तीनदा मोडली.

"दुसऱ्या दिवशी मी अकोल्याले गेले. स्पर्धेच्या ऑफिसात टेबलावर कप ठेवला. म्हटलं, हा तुमचा तुमाले. मले ज्यायनं पोरी इकत आनल्या ते दोन मानसं मैदानावर दिसले नाही पायजे. तं साहेब हासले. म्हणे, बाई, सगळेच करतात, हे सापडले. चहा पाजला मले. पुढे त्या दोघातला एक त्याच खुर्चीवर बसला."

"आणि त्या मुली? पगारावर आणलेल्या?"

"त्यायचा काय कसूर? मी पुढे एकीले भेटले. तिले तं पगारही पुरा नाही भेटला. पोरीईच्या नावानं खेळ, अन् खानारे वेगळेच." मग हात माशी हाकलल्यासारखा हलला. "ह्यॅ."

मला तिथे बसवेना. मी त्या सहा दाखल्यांचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा, खरं सांगायचं तर, वाटलं होतं की माफ करतील.

"मले काहून सांगतं? माह्यापाशी पाप धुवाचा साबन नाही. फायनल कधी हाय?"

"रविवारी."

"आज काय?"

"शुक्रवार."

"म्हंजे अजून खेळल्या नाहीत." चष्मा त्यांच्या नाकावरच होता, तो काढण्याइतकीही माझी लायकी त्यांना वाटली नसावी. "मंग इथं मेथी घेऊन काहून बसला? हारून गेल्यावर त्या पोट्ट्याईले कप नेऊन देशीन?"

शनिवारी सकाळच्या एसटीने मी अकोल्याला गेलो. पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या फाइली होत्या. स्पर्धेच्या समितीतल्या लोकांसमोर संगणकावर उघडून दाखवल्या आणि स्वतःच्या हाताने लिहून दिलं, की हे मी केलं. मॅनेजर तिथेच होता. मला बाहेर गाठून म्हणाला, "भाऊ, तुमीही फसान याच्यात."

"फसतो," मी म्हणालो.

मी फसलोही. पोलीस ठाण्याच्या चकरा झाल्या, तीन शाळांनी छपाईची कामं काढून घेतली, बायको आठ दिवस बोलली नाही. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. अकादमीला त्या स्पर्धेतून काढलं, थोडा दंड केला. बिल्डरने तो गल्ल्यातून चिल्लर द्यावी तसा दिला आणि पंधरा दिवसांनी एका शाळेत हारतुरे घेऊन मुलांपुढे खिलाडूवृत्तीवर अर्धा तास भाषण ठोकलं. त्याचा फोटो पेपरात आला. फोटोत त्याच्या कपाळावर टिळा होता आणि चेहऱ्यावर मॅडम ज्याच्याकडे चष्मा काढून बघत, ते सगळं होतं.

रविवारच्या फायनलला मात्र मॅडम आल्या. त्या माझ्याशेजारी बसल्या नाहीत. दोन खुर्च्या सोडून बसल्या. अकादमीच्या जागी उपांत्य सामन्यात तिच्याकडून हरलेला संघ उतरला. समोर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुली, एकीच्या बुटाची नाडी म्हणून सुतळी. मी मनात धरून बसलो होतो, की आता या जिंकतील आणि मी केलेल्याचं काहीतरी सोनं होईल.

त्या दोन गोलांनी हरल्या.

"हारल्या, मॅडम," मी म्हणालो.

"पाहून राहिले ना मी. समोरच्या चांगल्या खेळल्या." मग माझ्याकडे न बघता, "हारल्या तं हारल्या. यायले आज झोप येईन."

सोमवारी सकाळी त्या दुकानात आल्या. कागद काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "एक कॉपी. रेघ नको." बाकी काही नाही. त्या दिवशी मी मशीनची काच तीनदा पुसली.

चैत्रात मॅडम गेल्या. ताप आला, दोन दिवस दवाखान्यात होत्या, तिसऱ्या दिवशी भाऊ त्यांना गावीच घेऊन गेला. परदेशातला खटला अजून चालू आहे म्हणतात. मेडिकलवाला शनिवारी येतो, सामना बघतो, पण शिक्षेचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. मी तो क्लब सोडला. त्याला कळलंही नसेल.

मला त्या आठवतात त्या अकोल्याच्या मैदानावरच्या. बक्षीससमारंभ उरकला होता, मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत होता. हरलेल्या संघाची गोलकीपर गोलच्या खांबाला टेकून हमसून रडत होती, तिच्या मैत्रिणी लांबून हाका मारत होत्या. मॅडम तिच्याजवळ गेल्या. पाठीवर हात फिरवला नाही, समजूत घातली नाही. दोन्ही गुडघे धरत, कण्हत कण्हत तिच्यापुढे खाली बसल्या आणि तिचा डावा पाय घोट्याला धरून वीतभर बाजूला सरकवला. "असा ठेव. आता ऊठ." पोरगी नाक पुसत उठली. मॅडमनी तिथूनच बसल्या बसल्या बॉल हाताने तिच्याकडे ढकलला. तिने अडवला. परत ढकलला. परत अडवला. मी गेटपाशी एसटीची वेळ बघत उभा होतो. एक गाडी गेली, मी मॅडमना हाक मारली नाही.