जाळीवर चढलेले सासरे

तिला गावात नावाने कोणी हाक मारत नाही. ती जाळीवाली. माळावर उंच खांबांवर तारांची भलीमोठी जाळी पसरलेली आहे. वर अंतराळातला उपग्रह ऊन गोळा करून त्याचा झोत तिच्यावर सोडतो आणि जाळी त्याची वीज करते. जाळीखाली आम्ही बायका भाजी पिकवतो, आम्हाला काही होत नाही. वर मात्र, झोतात, कोणी जायचं नाही. गेलंच, तर फाटकाजवळच्या खोलीतली किल्ली फिरवून झोत तोडायचा, हे तिचं काम. महाफटकळ बाई. मोठे साहेब आले तरी सुरक्षेची टोपी घातल्याशिवाय त्यांना आत सोडत नाही.

ढग असोत, रात्र असो, ही वीज कधी जातच नाही. त्यामुळे आम्ही शेफारलो. दवाखान्यातल्या बॅटऱ्या उगाच पडून आहेत म्हणून त्या काढून शहरात भाजी नेणाऱ्या थंड गाडीत बसवल्या. ठरवताना सगळ्यांनी हात वर केले होते. मीही केला, जाळीवालीनेही केला.

त्या दुपारी वारा पिसाळला होता. जाळीवालीच्या नणंदेला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं होतं आणि पोट उघडायची वेळ आली होती. जाळीवालीच्या सासऱ्यांना, त्या पोरीच्या बापाला, तिथे बसवेना, म्हणून ते सुनेच्या फाटकाजवळच्या खोलीत येऊन बसले. म्हाताऱ्याचा जन्म छपरांवर पत्रे ठोकण्यात गेलेला. आता छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवलेलं.

तेवढ्यात कुठल्याशा शेडचा पत्रा उडाला आणि जाळीच्या मध्यावर जाऊन पडला. ठिणग्या उडायला लागल्या.

"वीज जाणार!" म्हातारा उठला.

"काही जात नाही, बाबा. तेवढा तुकडा जळेल, बाकीची जाळी चालू राहील. बसा तुम्ही."

पण सुटलेला पत्रा दिसला की त्यांना स्वस्थ बसवत नाही. ती मुख्य केंद्राला फोन लावायला वळली आणि हे शिडीने वर. आम्हाला खालून जाळीच्या भोकांतून त्यांचे अनवाणी तळवे दिसले. मी ओरडले. ती धावत बाहेर आली.

"बाबा, खाली उतरा! छातीतलं यंत्र बंद पडेल तुमचं!"

"माझी पोर तिकडे टेबलावर आहे. किल्लीला हात लावलास तर याद राख!"

तिने दवाखान्यात फोन लावला. नर्सचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "अजिबात बंद करू नका! ताईंचं रक्त थांबत नाहीये, सगळी यंत्रं चालू आहेत. आमच्याकडे बॅटरी नाही!"

तळवे मध्याकडे सरकत होते. मग एक पाय लटपटला. म्हातारा छाती धरून खाली बसला आणि आडवा झाला.

तिने किल्ली फिरवली.

ठिणग्या विझल्या. ती शिडी चढली, सासऱ्यांना पाठीवर घेऊन उतरली आणि आमच्या हवाली करून परत किल्लीकडे पळाली. पण झोत एकदम येत नाही, हळूहळू जमतो. तोवर ती फोन कानाला लावून भिंतीशी उभी होती. पलीकडून कोणी बोलत नव्हतं, नुसती धावपळ ऐकू येत होती. ते ऐकत उभं राहणं माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

वीज परत येऊन खोलीतला दिवा लागला, तरी फोन तसाच कानाला. बऱ्याच वेळाने नर्स बोलली. उजेडासाठी खिडक्या सताड उघडून, पायाने दाबायच्या पंपाने रक्त ओढून काढत त्यांनी निभावलं होतं. आई वाचली. बाळ रडलं.

म्हातारा तोवर शुद्धीवर आला होता. त्याने सगळं ऐकलं आणि सुनेकडे वळून विचारलं,

"तिला काही झालं असतं तर?"

"तर तुम्हाला तोंड दाखवायला मला जागा उरली नसती."

"मी आहे पिकलं पान. ती तरणी पोर. मग का फिरवलीस?"

"तुम्ही डोळ्यांसमोर पडलात, बाबा. ती मला दिसत नव्हती."

एवढं बोलून ती फटकळ बाई जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. तिच्या डोक्यावर हात ठेवायला सासऱ्यांना बराच वेळ लागला.