फळ्यावरची तीन अक्षरं

पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. इंझोरीला माझ्या सासऱ्यांना लकवा झाला. हातपाय गेले, वाचा गेली, हलायचे ते फक्त डोळे. घरात मॅट्रिक झालेली मी एकटी. मी फळ्यावर मोठमोठी अक्षरं लिहिली. ते ज्या अक्षराकडे बघतील त्यावर मी बोट ठेवायचं, बरोबर असेल तर त्यांनी डोळे मिटायचे. वाटलं, झालं काम.

कसलं काय. मी फळा छातीशी धरून बसले की त्यांचे डोळे भिंतीवर. तिथं खुंटीला त्यांची टोपी, बाकी काही नाही. मीही पदर नाकापर्यंत ओढून, मान खाली घालून बसायची. सासऱ्याच्या नजरेला नजर द्यायची नाही, ही घरची रीत. पदराआडून अंदाजानं बोट ठेवायची. चार दिवसांत एक धड शब्द नाही. डोकं फिरायची वेळ आली.

नवरा त्यांच्या उशाशी उभा राहूनच म्हणाला, "डोस्कं गेलं त्यायचं. काहून तरास करून घेऊन राह्यली तू? उद्या खाट गोठ्यात हलवू."

त्या संध्याकाळी माझे हात पिठाचे होते, म्हणून सासूबाईंनी फळा उचलला. चुलीपासून मी बघितलं, तर सासऱ्यांचे डोळे सरळ फळ्यावर. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, नाहीतर तेव्हाच काम झालं असतं. मग उमगलं. सासराही सुनेच्या तोंडाकडे बघत नाही. मी रीत पाळत होते, तेही पाळत होते, आणि त्यापायी चांगल्या शुद्धीतला माणूस गोठ्यात चालला होता. आग लागो असल्या रीतीला.

सकाळी नवऱ्यानं खाट उचलायच्या आधी मी पदर खांद्यावर टाकला आणि समोर बसले.

"मामाजी, माह्याकडे पाहा. नाही पाह्यलं तर तुमची खाट गोठ्यात जाईन."

सासूबाई दारातच थबकल्या. सासऱ्यांनी बघितलं. रागानं, पण बघितलं. मग नजर फळ्यावर आली. मी प वर बोट ठेवलं, डोळे मिटले. द वर ठेवलं, मिटले. मग र.

पदर.

चार दिवस जीव काढला आणि पहिला शब्द हा. रडावं की फळा आपटावा, कळेना. तिन्ही अक्षरं कागदावर उतरवून मी नवऱ्यापुढे धरली. त्यानं कागद वाचला आणि खाटेवरचा हात काढला.

मी पदर घेतला नाही. फळा पुन्हा धरला आणि म्हटलं, "सांगा पुढचं."