अक्काला चावलेला विंचू
स्वतः रोजाने राबून मला शिकवलं ते थोरल्या अक्कानं. कडुनिंबाचा वास आला की तिचा सुजलेला पाय आठवतो. पाटलाच्या मिसरूड न फुटलेल्या पोरानं ग्रहणात नदीत गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून विंचवाचा मंत्र सिद्ध केला होता म्हणे, आणि आम्ही सोबती भारावून काठावर बसलो होतो. पुढं कडबा काढताना अक्काला विंचू चावला, तेव्हा हा दिवटा निंबाचा डहाळा झाडत आला. "उतरलं का, अक्का?" "वर चढून राह्यलंय, मेल्या." "मंग तुझा इस्वासच न्हाई." जमलेली माणसं तिच्यावरच डोळे वटारू लागली, तशी ती म्हणाली, "उतरलं बाबा, जा आता," आणि घरात जाऊन पदर दातांत धरून तळमळली. तेवढ्यावर तो ढोंगी गावात खरा मांत्रिक ठरला. लोक विंचू डसलेली लेकरंही त्याच्याकडे नेऊ लागले. अक्काला वाचता येत नाही, तिचं टपाल चावडीवर मोठ्यानं वाचतात, हे ठाऊक असूनच मी हैदराबादेहून लिहिलं: "अक्का, मी बी.ए. झालो. तुझा विंचू उतरला नव्हता."