बेअरिंग डावीकडचं होतं

मंडळी, आज संध्याकाळच्या बातम्यांत मी दिसलो. अभिनंदन करण्याआधी हे वाचा.

चेन्नईजवळ गुम्मिडिपूंडीच्या आमच्या कारखान्यात एक मशीन आठवडाभर खराब माल काढत होतं. आम्हा तिघा इंजिनियरांना कारण सापडेना. ते मशीन चालवणाऱ्या सेल्वी अक्कांनी नुसत्या आवाजावरून सांगितलं, बेअरिंग गेलंय. तेच निघालं.

आज सकाळी एका चॅनलची बातमीदार त्यावर बातमी करायला आली. तिने माइक माझ्यापुढे धरला.

"बिघाड यांनी ओळखला," मी अक्कांकडे बोट दाखवलं.

"हो सार, पण समजावून तुम्ही सांगा. अक्का मागे काम करताना दिसतील. लोकांना असंच पटतं."

मॅनेजर माझ्याकडे रोखून बघत होते. मी बोललो.

कॅमेरा बंद झाल्यावर अक्का हळूच तमिळमध्ये म्हणाल्या, "सार, तुम्ही उजवं बेअरिंग म्हणालात. डावं होतं."

माझे कान तापले. मी धावत गेटवर जाऊन चॅनलची गाडी थांबवली. "मी चुकीचं सांगितलंय. अक्कांना विचारा."

तिने घड्याळ पाहिलं. "एवढं बारीक कोण बघतंय सार?"

बातमीत माझं तेच चुकीचं उत्तर आहे, खाली 'तरुण इंजिनियरची कमाल' अशी पट्टी. अक्कांचे फक्त हात दिसतात.

उद्या सकाळी अक्कांसमोर उभं राहायचंय.

खरं सांगा, हे वाचलं नसतंत तर त्या बातमीत तुम्हाला हुशार कोण वाटलं असतं?