सुताने अडवलेला काटा

काटा हलेना. इंजिन पंधरा मिनिटे चालू होते. रेडिएटरवर हात ठेववत नव्हता आणि डॅशबोर्डवरचा पाण्याच्या उष्णतेचा काटा मात्र थंडच्या खुणेवर पडून होता.

“झोपला हाय जी काटा,” गणपत ड्रायव्हर आतून ओरडला आणि त्याने काचेवर टिचकी मारली. “उठत नाही बे!”

गाडीचे मालक वकीलसाहेब घड्याळ पाहत होते. त्यांना दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला कोर्टात जायचे होते. म्हणजे राजूर घाट चढायचा होता.

आमचे गॅरेज मोताळ्याला, बाजाराच्या रस्त्यावर, टिनाच्या शेडमध्ये. गॅरेज सासऱ्यांचे. त्यांना मी मामाजी म्हणते. विहिरीवरची इंजिने आणि पंप जास्त यायचे, मोटारी कमी. मामाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हापासून बारीक कामाला मी जाऊ लागले. ते ऐकून आणि चाचपून सांगत, मी बघून करी. गावाला एवढेच माहीत की मिस्त्रीची सून पाने-पकडी उचलून देते.

मामाजींशी मी बोलत नसे. आमच्या घरी सून सासऱ्याशी समोरून बोलत नाही, आणि माझा स्वभावही भिडस्त. काही सांगायचे झाले की मी डोक्यावरचा पदर सारखा करून गाडीला सांगायची. मामाजी ऐकायचे आणि तेही गाडीलाच उत्तर द्यायचे. तीन वर्षे आमचे काम असेच चालले होते.

वकीलसाहेबांची गाडी फार जुनी. मागच्या महिन्यात घाटात तिचे पाणी उकळले. काटा बंद होता म्हणून गणपतला कळले नाही. वाफ दिसली तोवर गॅस्केट उडाले होते. ते मामाजींनी बदलले आणि म्हणाले, आता टेम्परेचरचा बल्बही नवा टाकू.

याला बल्ब म्हणतात, पण तो पेटत नाही. बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा असतो. तो इंजिनात आट्यांवर बसतो आणि त्याचे टोक आतल्या पाण्यात राहते. डोक्यावर एकच तार, ती काट्याच्या मीटरला जाते. पाणी तापले की बल्ब जास्त करंट जाऊ देतो आणि काटा वर चढतो. तेवढेच त्याचे काम.

नवा बल्ब अकोल्याहून एस.टी.च्या पार्सलने आला. आदल्या दुपारी मीच बसवला. पाणी खाली सोडले, जुना काढला, आटे साफ केले. पाणी झिरपू नये म्हणून नव्याच्या आट्यांना सफेद्याचा लेप लावून सूत गुंडाळले आणि पान्याने आवळला. पंपाच्या पाइपाला मी नेहमी असेच करायची. पाण्याचा एक थेंब बाहेर आला नाही. मला स्वतःचेच कौतुक वाटले होते.

आणि आता काटा मेलेला.

“बल्बच खराब आला,” मामाजी म्हणाले. “वापस धाडतो.”

“मिस्त्री, राग मानू नका,” वकीलसाहेब म्हणाले. “पण तुम्हाला दिसत नाही. गाडी उद्या घाटाखालीच ठेवतो, मी बसने जातो. पुढे काम अकोल्यालाच देईन.”

मामाजी हातातले फडके पिळत राहिले. गाडी अकोल्याला गेली असती तर ‘मिस्त्री आंधळा झाला’ हे बाजारभर झाले असते. मग शेड बंद, आणि माझे कामही बंद.

मी बल्बवरची तार काढली आणि इंजिनाच्या लोखंडाला टेकवली.

“उठला! उठला!” गणपत ओरडला. “पार वर गेला जी!”

म्हणजे तार आणि मीटर ठीक. मी ते गाडीला सांगितले.

“मंग बल्बच गेला,” मामाजींनी गाडीला उत्तर दिले.

मी तार परत लावली. एक तारेचा तुकडा घेतला. त्याचे एक टोक बल्बच्या पितळी अंगाला आणि दुसरे इंजिनाला धरले. काटा हळूहळू अर्ध्यावर आला. तुकडा काढला, काटा खाली.

बल्ब चांगला होता. त्याला अर्थ मिळत नव्हता.

करंटला परत जायला वाट लागते, तिलाच आम्ही अर्थ म्हणतो. या बल्बची वाट त्याच्या आट्यांतून इंजिनात जाते. त्या आट्यांवर मी सफेद्याची आणि सुताची गादी घातली होती. पाणी अडले, तसा करंटही अडला.

बल्ब खराब निघाला असे सगळ्यांनी मानले होते. मी गप्प बसले असते तर दोष पार्सलवाल्या दुकानावर गेला असता. पण गाडीही गेली असती.

मी गाडीला सांगितले. इंजिनाच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेले नाही. पुन्हा सांगितले. तरी नाही. तेव्हा मी मामाजींकडे वळले.

“मामाजी, चूक माही हाय.”

गणपतने इंजिन बंद केले. बहुधा मला मामाजींशी बोलताना पाहून घाबरून.

“कायची चूक?” मामाजींनी विचारले.

“सुताची. बल्बले अर्थ नाही भेटून राह्यला.”

“कसला अर्थ?” वकीलसाहेबांनी विचारले. “शब्दाला अर्थ असतो, बल्बला कसला?”

“ह्याले लोखंडाचा लागते जी,” गणपत म्हणाला.

मामाजी म्हणाले, “सूत गुंडाळाले तुले मीच शिकवलं. कुठी गुंडाळू नोको, ते सांगाले इसरलो. काढ.”

इंजिन निवू दिले. बल्ब काढला, आटे रॉकेलने धुऊन पितळ चकचकीत केले. मामाजींनी डब्यात चाचपून तांब्याचा वायसर काढून दिला; ही चकती पाणी अडवते, करंट अडवत नाही. तो घालून मी बल्ब आवळला. पाणी भरले, तर एक थेंब आला. आणखी पाव फेरा दिला. थांबला.

गणपतने इंजिन चालू केले. आम्ही सगळे काचेवर वाकलो. काटा सुटला आणि सावकाश मधोमध येऊन उभा राहिला.

“हे कोणी शोधलं?” वकीलसाहेबांनी विचारले.

“माह्या सुनेनं,” मामाजी म्हणाले. “डोये माहे गेले, तिचे हायेत.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी परतताना शेडसमोर थांबली. सकाळी घाटाच्या अर्ध्यात काटा वर चढला, तसे गणपतने गाडी सावलीला घेतली, निवू दिली, पाणी टाकले आणि पुढे गेला. वकीलसाहेब कोर्टात वेळेवर पोहोचले. गाडीची पुढची सगळी कामे आमच्याकडेच आली. गणपत रस्त्यावरूनच विचारायचा, “बाई हायेत का?” मिस्त्री आहेत का, हे त्याने विचारणे सोडले. मामाजींनी त्याला कधी टोकले नाही.

पाइपाला सूत लागते, बल्बला वायसर. हे मी नंतर कधी चुकले नाही. आणि इंजिन चालू असताना गाडीला काही सांगू नये. माणसाकडे वळूनच सांगावे.