घासाघीस न करणारा फॉरमॅटर

पुण्याच्या त्या कंपनीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्यांनी माझ्यावर आरडाओरडा केला असता तर मी दुप्पट ओरडलो असतो. पण त्यांनी माझंच कौतुक करत, मीच लावून घेतलेली गोष्ट माझ्यावर उलटवली. त्याचा धक्का जास्त बसला.

मी शिकलेला इंजिनिअर नव्हे. गणपतीपुळ्याच्या लॉजवाल्यांना जुने कॉम्प्युटर विकत, बसवून देत, बिघडले की शिव्या खात मी प्रोग्रॅमिंग शिकलो. सीझनमध्ये लॉजवाल्याशी सौदा केलेल्या माणसाला जगात कुठेही सौदा करता येतो. पुढे बुकिंगचं सॉफ्टवेअर मीच लिहिलं आणि त्याच्या जोरावर पुण्याच्या कंपनीचं काम मिळवलं. रत्नागिरीत माळनाक्याजवळ ऑफिस घेतलं, चौघांना नोकरी दिली. चौघंही इथलीच. असलं काम करून संध्याकाळी घरी जेवायला येता येतं, हे त्यांच्या घरच्यांना सुरुवातीला खरंच वाटत नव्हतं.

आमचा कोड पुण्याला तपासला जाई. तपासणारा त्यांचा टीम लीड, माझ्याहून वयाने बराच लहान. तो काम परत पाठवायचा, पण चुकांसाठी नाही. ‘इथे एक ओळ मोकळी सोडा.’ ‘कंस खालच्या ओळीवर का?’ ‘ओळीच्या सुरुवातीला चार स्पेस नकोत, दोन.’ प्रोग्रॅमला याने काडीचा फरक पडत नाही, तो तसाच चालतो. पण काम परत आलं की उशीर व्हायचा, आणि उशीर झाला की तिकडच्या मालकीणबाई विचारायच्या, “रत्नागिरीचं ऑफिस हवंच कशाला?” चौघांच्या नोकऱ्या अशा स्पेसवर लोंबकळत होत्या. एकदा त्याने शेऱ्यात ‘कोकणी फॉरमॅटिंग’ असं लिहून पुढे हसरा चेहरा टाकला. मी फोनवर त्याला असा झापला की खालच्या हार्डवेअरच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायला लागली.

“सर, ओरडून काय होणार ओ?” आमच्यातली सगळ्यात जुनी मुलगी म्हणाली. ती पालीहून रोज एसटीने यायची. “फॉरमॅटर लावू या. फाइल सेव्ह केली की तोच सगळं मांडून देतो. मांडणी चुकलेला कोड पुढे जाऊच देत नाही. मग तो लीड काय बोलणार?”

“आणि नियम कोणाचे? त्यांचे की आपले?”

“ते तुम्ही ठरवा. भांडायला तुम्ही आहातच.”

मी तयारीने कॉलवर बसलो. चार स्पेस मागायचे, तीनवर यायचं, मग मोठ्या मनाने दोन मान्य करायचे आणि बदल्यात कंस आपल्या मनासारखा घ्यायचा. मालकीणबाईही कॉलवर होत्या. मी ‘चार स्पेस’ म्हणालो तोच लीड हसला.

“दादा, या टूलमध्ये ते बदलताच येत नाही. सेटिंगच नाही.”

“मग कोणाशी बोलावं लागेल?”

“कोणाशीच नाही. तो देईल ते घ्यायचं. मलाही.”

मी गार. असलं दुकान मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण रिकाम्या हाताने उठायची सवय नाही. म्हटलं, “ठीक. त्याचे सगळे नियम मान्य. पण त्याने पास केलं की मांडणीबद्दल तुमचा एक शब्द ऐकून घेणार नाही.” मालकीणबाई हो म्हणाल्या.

फॉरमॅटर पहिल्यांदा सगळ्या कोडवरून फिरला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. सीझनचे दर मी स्पेस मारून मारून एकाखाली एक लावले होते. ते सगळे क्षणात मागेपुढे झाले.

“अगो, काय केलंस हे!”

“सर, आकडे तेच आहेत. फक्त दिसायला वेगळे.” मग तिने लीडची फाइल उघडली. “आणि हे बघा. त्याचीपण अर्धी फाइल बदललीय.”

“त्यालाही झापलं की!” मी म्हणालो, आणि मला फॉरमॅटर आवडायला लागला.

शेरे थांबले. काम पहिल्या फेरीत पास व्हायला लागलं. एक दिवस लीडने आपणहून फोन केला. “दादा, आता कोड बघून पुण्याचा की रत्नागिरीचा, कळतच नाही.” हे वाक्य त्याच्या तोंडून काढायलाच मी इतका भांडलो होतो. सगळ्यांना वडे मागवले.

त्याच आठवड्यात मालकीणबाईंचा फोन आला. मी नेहमीसारखा स्पीकरवर घेतला.

“तुम्ही फॉरमॅटरचा आग्रह धरलात ते फार बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “आता कोणीही लिहिलं तरी काम एकसारखंच दिसतं. मग दोन ऑफिसं कशाला? पुढच्या महिन्यापासून सगळं पुण्यातच करू.”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आपला माल दुसऱ्याच्या मालासारखाच आहे, हे गिऱ्हाइकाला पटवायला मी जिवाचा आटापिटा केला होता. एवढी वर्षं धंदा करून!

“हॅलो? ऐकताय ना?”

ऐकत होतो. समोर चौघं माझ्या तोंडाकडे बघत होती.

“बरं, दिवाळीपर्यंत चालू ठेवू,” त्या आपणहूनच म्हणाल्या.

मी हाताने चाचपडत खुर्ची शोधत होतो.

“हे बघा, तुम्ही चिडणार हे मला माहीत होतं. दोघांना आम्ही कायम घेतो. रत्नागिरीतूनच काम करू देत.” पुन्हा थोडा वेळ गेला. “बरं, तिघं. पण याच्यावर नाही हं.”

“चौघं,” मी म्हणालो. तेवढाच शब्द निघाला.

“तुमच्यापुढे काही चालत नाही,” त्या हसून म्हणाल्या. “चौघं.”

फोन ठेवला तेव्हा पालीची मुलगी टाळ्या वाजवत होती. “काय खेळलात ओ सर! एकच शब्द बोलून!” मी मान हलवली. तिला काय सांगणार?

ऑफिस दिवाळीत बंद झालं. चौघं आता पुण्याच्या कंपनीची माणसं आहेत, घरूनच काम करतात. मी सध्या पुन्हा लॉजवाल्यांचे कॉम्प्युटर बघतो. स्वतःसाठी काही मागायचं राहिलं, हे मला त्या फोनच्या दिवशी जिना उतरताना लक्षात आलं. मालकीणबाईंना ते फोनवरच कळलं असणार. त्यांनी आठवण करून दिली नाही.