खुर्चीला विचारणारा भास्कर

भास्कर गेल्याची बातमी घेऊन म्हात्रे माझ्या कल्याणच्या वखारीत आला, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी सागाच्या वाशांचा भाव करत होतो. म्हात्रे हा भास्करचा विद्यार्थी, डोंबिवलीजवळच्या खाडीकाठच्या गावातला, त्यांच्या घरातला पहिला पदवीधर. दाराशीच उभा राहून तो म्हणाला, "सदाशेठ, सर गेले. आज सकाळी." मी गिऱ्हाइकावरची नजर न काढता म्हणालो, "मग मी काय करू?" हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच लिहून टाकतो. चार वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि माझा राग काही कमी झालेला नव्हता. गिऱ्हाईक उठून निघून गेलं... या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. वडील गेले तशी मी सातवीत शाळा सोडली आणि दुसऱ्याच्या वखारीत लाकडं मोजायला उभा राहिलो. भास्कर शिकत गेला आणि मुंबईच्या एका कॉलेजात प्राध्यापक झाला. विषय राज्यशास्त्र. त्या वेळी या विषयाला स्वतःचं घर नव्हतं. इतिहास आणि अर्थशास्त्र या दोन मोठ्या घरांत तो पोटभाडेकरू होता. कुठल्या सभागृहात किती सभासद, कोण कोणाला नेमतो, एवढं पाठ करायचं आणि पेपरात उतरवायचं. भास्करला याचा भारी वीट. "अरे सदा," तो म्हणायचा, "कोण कोणाला नेमतो ते आम्ही घोकून घेतो. पण त्या नेमलेल्या माणसाचं मी का ऐकायचं, हा प्रश्न कुठल्याच पेपरात नाही."

"नाही ऐकलं तर पोलीस नेतो, म्हणून ऐकायचं."

"ही भीती झाली. बांधील कधी होतो आपण, ते सांग."

"हे विचारायचा पगार देतात तुला?"

यावर तो मोठ्याने हसायचा. पण प्रश्न सोडायचा नाही. घटना लिहून झाली होती, नवं राज्य उभं राहत होतं; या राज्याच्या मुळाशी काय आहे ते शिकवणारा विषय वेगळा हवा, त्याचा सिद्धांत वेगळा शिकवायला हवा, हा त्याचा ध्यास. विद्यापीठाला अर्ज करून करून त्याने बोटं झिजवली.

त्याच सुमाराला विठ्ठलवाडीपलीकडे फाळणीच्या निर्वासितांची छावणी वसली. तिथल्या खोल्यांना लागणाऱ्या फळ्या मी पुरवायचो. एक दिवस एक सिंधी म्हातारा फळ्या घ्यायला वखारीत आला. मी दिलेल्या खुर्चीत बसला आणि गप्प राहिला. मी भाव सांगितला, तो गप्प. मी भाव उतरवला, तो गप्प. तिसऱ्यांदा उतरलो तेव्हा त्याने उठून पैसे पुढे ठेवले. आयुष्यात मला इतकं कोणी नमवलं नव्हतं. संध्याकाळी भास्करला हे सांगताना मी म्हणालो, "गप्प बसणारा कबूल झालेला नसतो रे. तो भाव पाडत असतो." भास्कर चालता चालता थांबला. मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं त्याने. मग विचारलं, "खुर्ची कुठली?"

पुढच्या रविवारी सकाळी तो सहा-सात विद्यार्थी घेऊन वखारीत आला. कॉलेजात जे शिकवता येत नाही ते इथे शिकवणार, म्हणाला. रविवारी करवत बंद असायची, मी जागा दिली. सगळ्यांना ओंडक्यांवर बसवलं आणि समोर ती खुर्ची रिकामी ठेवली. साधी सागवानी खुर्ची, फळीच्या बैठकीची. राज्य कशासाठी, कायदा कोणाचा, बहुमताने काय काय ठरवता येतं, यावर मुलं तावातावाने बोलायची. मीही मध्ये तोंड घालायचो. सगळ्यांचं एकमत झालं की भास्कर खुर्चीकडे वळायचा आणि अगदी अदबीने विचारायचा, "तुमची संमती आहे का?" मग मिनिटभर शांतता. कोणी खोकायचंही नाही. मिनिट संपलं की तो वहीत लिहायचा, 'संमती मिळाली नाही,' आणि चर्चा पहिल्यापासून सुरू. ज्यांना न विचारता नकाशावर रेघ ओढली गेली त्यांच्यातला एक त्या खुर्चीत बसून गेला आहे, आणि त्याला धरल्याशिवाय कुठलाही सिद्धांत पुरा नाही, असं तो म्हणायचा.

पहिले दोन-तीन रविवार मुलं हसली. मग हसायची बंद झाली. खुर्चीसमोरून जाताना वाकून जायला लागली. एकदा म्हात्रेचा धक्का तिला लागला, तर तो पटकन म्हणाला, "माफ करा." कोणाला ते आम्ही विचारलं नाही. वखारीत भुसा सगळीकडे बसतो, पानाच्या डब्यातसुद्धा. आठवडाभर करवत चालली की ओंडक्यांवर बोटभर थर. ती बैठक मात्र दर रविवारी स्वच्छ. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. एका शनिवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी स्वतः दोन मुठी भुसा त्या बैठकीवर पसरला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला लावून घरी गेलो. सकाळी कुलूप मीच काढलं. बैठक पुसल्यासारखी कोरी होती. वारा असेल... पण शेजारच्या ओंडक्यावरचा भुसा हललेला नव्हता. हे मी भास्करला कधी सांगितलं नाही. त्याने ते वहीत लिहून घेतलं असतं.

असं तीन वर्षं चाललं. मग ठाण्याला एका वाचनालयात भास्करचं व्याख्यान झालं. मी वखार बंद ठेवून, इस्त्रीचा कोट घालून गेलो, पुढच्या रांगेत बसलो. विद्यापीठातली माणसं आली होती. भास्कर रंगात आला आणि म्हणाला, "गप्प बसणारा कबूल झालेला नसतो, असं एक मत आहे." टाळ्या पडल्या. एक मत! ज्याचं मत तो समोर कोट घालून बसलाय आणि त्याचं नाव नाही. मी सातवीत शाळा सोडलेला लाकूडवाला, माझं नाव घेतलं तर सिद्धांत विटाळेल, असंच मला वाटलं. अजूनही पूर्ण जात नाही ते मनातून.

पुढच्या रविवारी चर्चा संपली, भास्कर खुर्चीकडे वळला. मी उठलो आणि सरळ त्या खुर्चीत जाऊन बसलो. म्हटलं, "विचार आता. माझं वाक्य आहे, मी उत्तर देतो. नाही माझी संमती!" भास्करने माझ्याकडे पाहिलं असं म्हणता येणार नाही. त्याने खुर्चीकडे पाहिलं, माझ्या छातीच्या आरपार. "तुमची संमती आहे का?" त्याच अदबीने. मी ओरडलो. मुलं खुर्चीकडे बघत होती आणि एकाच्याही नजरेत मी नव्हतो. मी ओरडत होतो आणि वखारीत शांतता होती, ती नेहमीची, मिनिटभराची. मी माझे हात बघितले. ते होते. मिनिट संपलं, भास्करने वहीत लिहिलं, 'संमती मिळाली नाही.' मग मी सगळ्यांना हाकलून दिलं. भास्कर निघून गेला, आणि म्हात्रेने ती खुर्ची डोक्यावर घेऊन नेली. माझी खुर्ची!

त्यानंतर भास्करच्या विषयाला स्वतंत्र विभाग मिळाला, सिद्धांताची वेगळी प्रश्नपत्रिका आली, त्याची टिपणं मुलं हाताने उतरवून घेत असं कानावर यायचं. ऐकून मी जास्तच चिडायचो.

तेराव्याला मी डोंबिवलीला भास्करच्या घरी गेलो. सुमतीवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आलात." एवढंच. पुढच्या खोलीत वखारीतली ती मुलं बसली होती, ती खुर्ची भिंतीला होती. म्हात्रेने छापायला काढलेल्या भास्करच्या टिपणांचा गठ्ठा आणला. त्यात 'एक मत आहे' याच्या वर शाईने माझं पूर्ण नाव लिहिलेलं, आणि मग खोडलेलं.

"हे कधीचं?" मी विचारलं.

"ठाण्याच्या भाषणाआधीचं. सर म्हणायचे, संमतीवर शिकवतो आणि त्याचं नाव त्याला न विचारता कसं घालू?"

"मग विचारायचं होतं!"

"म्हणाले, विचारलं तर तो भाव करेल."

खोलीत कोणीतरी हसलं. मलाही हसू येत होतं, ते मी आवरलं. "आणि मी खुर्चीत बसलो तेव्हा?"

म्हात्रे जरा घुटमळला. "सर म्हणाले, जो ओरडून सांगू शकतो तो हजर असतो. ती जागा त्याची नव्हे. राग मानू नका शेठ, आम्हालाही त्या दिवशी भीती वाटलेली. सर म्हणाले म्हणून आम्ही तसेच बसून राहिलो." मग त्याने विचारलं, "घालू का नाव?"

हो अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. चार वर्षांनी माल हातात येत होता. पण हातात आलेला माल मी एकदा उलटून बघतोच. म्हटलं, दोन आठवडे थांब. आणि मी छावणीत गेलो, त्या म्हाताऱ्याला शोधायला. त्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. फळ्यांचं माप विचारलं होतं. खोलीखोली फिरून शेवटी त्याची सून भेटली. म्हातारा फळ्या नेल्या त्याच थंडीत वारला होता. लोकूमल त्याचं नाव. मी म्हणालो, तुमचे सासरे फार पक्के होते, एक शब्द न बोलता मला तीनदा उतरवलं त्यांनी. "बोलते कैसे?" ती म्हणाली. "गाड़ी से उतरे तब से उनकी आवाज़ ही नहीं थी."

म्हणजे तो भाव पाडतच नव्हता. मी सांगितलेला आकडा जास्त आहे हे सांगायला त्याच्याकडे आवाज नव्हता, आणि मी आपला स्वतःशीच भाव करत बसलो होतो. त्यावर वाक्य केलं, आणि त्या वाक्यावर नाव हवं म्हणून चार वर्षं मित्राशी बोललो नाही.

गेल्या रविवारी डोंबिवलीला जाऊन हे सगळं मुलांसमोर सांगितलं. म्हात्रेचा चेहरा उतरला. "मग सरांचं चुकलं?"

"त्याचं नाही. त्याने वहीत फक्त एवढंच लिहिलं की संमती मिळाली नाही. ती नव्हतीच मिळाली. का नाही मिळाली ते मी सांगितलं, आणि ते चूक सांगितलं. तेव्हा नाव घाल माझं. पूर्ण घाल. पण चुकीसमोर. आणि म्हाताऱ्याचं नाव त्याच्या वर."

म्हात्रेने लिहून घेतलं, इतरांनी माना डोलावल्या. सगळ्यांचं एकमत झालं होतं. तेव्हा कोणी न सांगता सगळे भिंतीच्या खुर्चीकडे वळले, म्हात्रेने तिला संमती विचारली, आणि शांतता झाली. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. बराच वेळ गेला. मग माझ्या लक्षात आलं, मिनिट संपलं हे नेहमी भास्कर सांगायचा. आता ते कोणी सांगायचं हे ठरलेलंच नव्हतं. मुलं बसून राहिली, मीही बसून राहिलो... आणि कोणीच काही बोलेना.